योगिनीच्या हाताविषयी

पंचवटी, नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

दीपक,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तुझी मुलगी योगिनी हिचा उजवा हात मंत्राचा स्वर दाखवताना हलतो, तो माझ्याकडून शिकल्यामुळे हलतो, आजारामुळे नाही.

मायना मुद्दाम गाळला आहे. दोन वर्षे ज्याने माझा उंबरा ओलांडला नाही त्याला आशीर्वादाने सुरुवात करणे मला जमले नाही. पत्र पोस्टाने पाठवतो आहे. योगिनी दर रविवारी एकलहऱ्याला तुमच्याकडे येते, तिच्या पिशवीतून ते सहज पोचले असते; परंतु विषय तिचा आहे आणि तिने ते वाटेत वाचू नये. फोन करत नाही याचे कारण तुला ठाऊक आहे. माझी जीभ आता प्रत्येक अक्षर सुटे करून टाकते, आणि ऐकणारा माझे वाक्य माझ्या आधी पुरे करून मोकळा होतो. तूही तेच करायचास.

तू मोबाइलवर चित्रफितीचा तुकडाच पाहिला आहेस, म्हणून घडले ते सगळे सांगतो. गेल्या आठवड्यात त्र्यंबकेश्वरच्या एका पाठशाळेत संहितेची परीक्षा झाली. आपल्या शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत मंत्र नुसता तोंडाने म्हणत नाहीत, त्याचा स्वर उजव्या हाताने दाखवावा लागतो: उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला छातीसमोर. तोंड बरोबर असूनही हात चुकला तर म्हणणारा चुकला असे धरतात. लहानपणी तूही दोन अध्याय शिकून सोडून दिलेस, विसरला असशील. योगिनीचे तोंड एका जागीही चुकले नाही. हात मात्र प्रत्येक उदात्ताला ठरल्या जागेच्या पुढे गेला, दोन हेलकावे खाऊन मागे आला. मागच्या ओळीत हशा झाला. परीक्षक शिखरेगुरुजी माझे जुने मित्र. जेवणाच्या पंगतीत ते मला म्हणाले, "शौचे, पोरीने तुमची विद्या थरथरीसकट उचलली. चहा गाळून देता ना हो घरी? मग हे का नाही गाळलंत?"

मी हसलो नाही. पण त्या थट्टेत निदान कारण बरोबर सांगितले होते. तुझ्या संदेशात तेही नाही. तू लिहिलेस: "हात पाहिला. तिची तपासणी करायची आहे. तोवर संथा बंद ठेवा. वाद नको."

ज्याने आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवले त्याला तू "वाद नको" असे लिहितोस. तपासणी नको असे मी म्हणत नाही. कारण नसताना नको, असे म्हणतो. माझा आजार लहान मेंदूचा आहे आणि आनुवंशिक आहे, हे मी कधी नाकारले नाही. हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो, परंतु कुठे थांबायचे हे सांगणारा कारकून रजेवर गेला आहे, असे डॉक्टरांनी मला समजावले होते. मी पेला उचलायला जातो आणि हात पेल्याच्या पलीकडे जातो. बटणे लावायची सोडली, नाडी बांधायची सोडली. हे पत्र कोपर टेबलाला दाबून, एका बैठकीत दोन-तीन ओळी, असे लिहितो आहे. एवढे सगळे ज्याच्या अंगात आहे त्याला ते दुसऱ्याच्या अंगात ओळखता येते, एवढे तरी मान.

पुरुषोत्तम शौचे


पंचवटी
३ डिसेंबर २०२५

दीपक,

तुझे उत्तर आले: "पत्र मिळालं. तपासणी तरीही करायची." हे उत्तर नव्हे, हा निकाल आहे. निकाल देणाऱ्याने आधी दोन्ही बाजू ऐकाव्यात, म्हणून अनुमानाच्या पाच अवयवांतला पहिला, प्रतिज्ञा, मांडून झाला, आता दुसरा, तिच्यामागचे हेतू, मांडतो.

पहिला. आजार असता तर तो सर्व क्रियांत दिसला असता. आजार माणसाला धरतो, मंत्राला नव्हे. योगिनी पोळ्या लाटते त्या गोल असतात. सुईत दोरा ओवते. स्कूटी चालवते, आणि कुंभमेळ्याच्या नावाखाली सध्या जे रस्ते उकरून ठेवले आहेत त्यांवरून चालवते. हात हलतो तो फक्त संथा घेताना, म्हणजे मी म्हणावे आणि तिने दोनदा म्हणावे या वेळी, आणि त्यानंतर एकटी म्हणतानाही त्याच जागी, त्याच मापाने.

दुसरा. परवा मी स्वतः परीक्षा घेतली. डॉक्टर समोर बोट धरतात आणि सांगतात, माझ्या बोटाला टेकवा, मग स्वतःच्या नाकाला. माझे बोट स्थिर राहत नाही म्हणून स्वयंपाकाच्या मंगलाबाईंना बोट धरायला सांगितले.

"नाना, मला भाकऱ्या टाकायच्या हायेत," त्या म्हणाल्या. "बोट किती येळ धरू?"

"मी सांगेपर्यंत."

"तुमी दोघं हात हलवता तवा मला वाटतं माश्या हाकलता. आता मलाबी लावा त्यातच."

मी नियम सांगण्याआधीच योगिनीने बोट, नाक, बोट, नाक असे झरझर करून दाखवले. मग डाव्या हाताने. मग डोळे मिटून. मग न सांगता उठली, टाचेला पंजा लावत फरशीच्या रेघेवरून भिंतीपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "झालं? पास?"

"हे तुला कोणी शिकवले?"

"बघितलंय हो आजोबा."

"माझ्या तपासणीच्या वेळी तू बाहेर बसली होतीस."

"दारातून दिसतं की."

दार बंद होते असे माझे स्मरण आहे. ते असो, तिचे बोट एकदाही चुकले नाही, आणि प्रश्न तेवढाच होता.

तिसरा हेतू निर्णायक आहे. हा दोष पिढी गाळून जात नाही. माझ्यातून तिच्यात जायचा तर तो तुझ्यातूनच गेला पाहिजे, दुसरा रस्ता नाही. शिवाय पुढच्या पिढीत तो आधीच्या वयात दिसू लागतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिला बाविसाव्या वर्षी झाला असेल तर तुझ्यात तो केव्हाच दिसायला हवा होता. तू धडधाकट आहेस. वीज केंद्रात बॉयलरच्या शिड्या चढतोस. म्हणून तो तुझ्यात नाही. आणि तुझ्यात नाही म्हणून तिच्यात नाही.

यात फट दिसत असेल तर दाखव. धूर पाहून आगीचे अनुमान करावे हे उदाहरण मी तुला शिकवत होतो तेव्हा तू म्हणाला होतास, "नाना, आमच्या एकलहऱ्याला धूरही आहे, आगही आहे, अनुमानाला जागाच नाही." तेव्हा तुला निदान वाद घालावासा वाटत असे.

पुरुषोत्तम शौचे


पंचवटी
१४ डिसेंबर २०२५

दीपक,

"नाना, तिच्यावर प्रयोग करू नका. आणि माझ्याविषयी काही लिहू नका."

दुसरे वाक्य मी अनेकदा वाचले. प्रतिपक्षाचा उल्लेख न करता वाद कसा करतात ते तूच कळव. हेतूला उत्तर नाही, दृष्टान्तावर आक्षेप नाही, फक्त "लिहू नका". मला राग येतो तो तुझ्या मताचा नाही. तू मत मांडतच नाहीस याचा येतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मागच्या पत्रात लिहायला हवी होती आणि मी लिहिली नाही. विरुद्ध पुरावा दडवणारा वादी मी वर्गातून उठवला असता. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे गोदाघाटावर गेलो होतो. परतताना पायऱ्यांवर योगिनी गुडघ्यावर आपटली. मी तिच्या दंडाला धरून चालत होतो. माझा तोल गेला आणि माझ्यामुळे ती ओढली गेली, असे मी त्याच क्षणी ठरवले आणि तसेच तिला सांगितले. ती "हो" म्हणाली, सलवार झटकली, मला सरळ उभे केले. परंतु आधी कोण कलले, हे मला ठामपणे सांगता येत नाही. गेले पंधरा दिवस मी त्या पायऱ्या मनात पुन्हापुन्हा उतरतो आहे, आणि दर वेळी जे उत्तर मला हवे तेच मिळते. असल्या साक्षीची किंमत किती, हे मी जाणतो.

माझे तिला धरून चालणे तिच्या चालीत उतरले आहे. पावले रुंद टाकते, माझ्या पावलांसाठी थांबत टाकते. हेही शिकणेच. मला दोष नको आहे असे समजू नकोस. दोष मला हवाच आहे. फक्त तो माझ्या शिकवण्याचा असावा. शिकवलेले पुसता येते.

आणि तू माझ्याविषयी लिहू नका म्हणतोस म्हणून विचारतो. भाद्रपदात तुझ्या आईच्या श्राद्धाला तू आलास, आणि खाली रिक्षात बसून राहिलास. मी गॅलरीतून पाहत होतो. तुझ्याकडे मोटरसायकल आहे. तू रिक्षा केलीस आणि ती थांबवून ठेवलीस, म्हणजे परत जायला उशीर नको. एक पाय बाहेर काढलास, आमच्या जिन्याकडे पाहिलेस आणि पाय आत घेतलास. योगिनी खीरपुरीचे ताट घेऊन खाली आली आणि वर येऊन मला म्हणाली, "बाबांना ड्यूटी आहे, त्यांनी खालूनच नमस्कार सांगितलाय." दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या क्वार्टरमध्ये राहायला यायला नकार दिला, तोही जरा लांबवून आणि कारणांसकट दिला, हे मला मान्य आहे. त्याची शिक्षा आईच्या पानापर्यंत पोचावी, एवढा तो नकार मोठा होता का? दोन मजले चढणे तुला इतके जड गेले?

याचे उत्तर तरी दे. यात योगिनी नाही.

पुरुषोत्तम शौचे


पंचवटी
२९ डिसेंबर २०२५

दीपक,

तुझे उत्तर आले नाही. माझ्याकडे मात्र पुरावा आला आहे.

मी असे योजले: योगिनीने न शिकलेला एक भाग घ्यायचा, तो माझ्याकडून नव्हे तर शिखरेगुरुजींकडून, आणि ती शिकत असताना मी त्या खोलीत नसायचे. हात माझ्यामुळे हलत असेल तर तिथे हलणार नाही. आजारामुळे हलत असेल तर तो गुरू पाहून थांबणार नाही. शिखरे आठवडाभर त्र्यंबकहून बसने येत राहिले. मी दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ऐकत असे. त्यांचा आवाज, मग तिचा दोनदा. हात मला दिसत नव्हता, आणि मला फक्त हातच जाणून घ्यायचा होता. इतके अस्वस्थ मी स्वतःच्या निदानाच्या वेळीही नव्हतो.

काल त्यांनी मला आत बोलावले. योगिनीने नवा भाग म्हटला. हात वर गेला आणि थांबला. खाली गेला आणि थांबला. छातीसमोर आला आणि थांबला. एक हेलकावा नाही.

"आता जुना म्हण," मी म्हणालो.

तिने मी शिकवलेला अध्याय सुरू केला, आणि पहिल्याच उदात्ताला हात पुढे गेला, डुलला, मागे आला. शिखरे मांडीवर थाप मारून हसले. "शौचे, हा तुमचा हात आहे! तिच्या खांद्याला लावलेला तुमचा हात!"

प्रतिज्ञा सिद्ध झाली. घाटावरच्या पायऱ्यांचा प्रश्नही याने माझ्यापुरता सुटला. तू इथे असतास तर कबूल केले असतेस.

सिद्ध झाल्यावर त्यातून काय निघते तेही मी टाळत नाही. दोष माझ्या हाताचा आहे, म्हणून माझी संथा बंद झाली पाहिजे. आजार ठरला असता तरी तू ती बंदच करणार होतास. मी जिंकलो, आणि तू मागितले होतेस ते तुला मिळाले. असा वाद मी यापूर्वी पाहिलेला नाही.

योगिनीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मी नाही शिखरेगुरुजींकडे शिकणार. त्यांचा हात फार सरळ आहे, कंटाळा येतो."

"विद्या कंटाळ्यावर ठरत नाही."

"मग तुम्ही तोंडाने सांगा, हात पाठीमागे बांधून बसा."

"आन मी दोरी धरते," मंगलाबाई आतून म्हणाल्या. "भाकऱ्यांपरीस ते बरं."

मी त्या दोघींवर चिडलो. नंतर हात पाठीमागे धरून एक ओळ म्हणून पाहिली. मला ती म्हणता आली नाही. हाताशिवाय माझा स्वर जागेवर बसत नाही, आणि हातासकट तो तिच्या कामाचा नाही. हे तुला सांगण्याचे कारण नव्हते, तरी लिहून गेलो.

आता तपासणीचा आग्रह तरी सोड.

पुरुषोत्तम शौचे


पंचवटी
१५ जानेवारी २०२६

चिरंजीव दीपक,

मायना या वेळी लिहिला आहे. त्यातला पहिला शब्द त्याच्या अर्थासकट वाच.

काल संक्रांत होती. योगिनी दुपारी तुमच्याकडून आली. गच्च्यांवर पोरांचा गलका चालला होता, म्हणून तिने आधी खिडकी लावली. तिळाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि चप्पल न काढताच म्हणाली, "आजोबा, माझं नाही निघालं."

"काय नाही निघाले?"

"रक्त दिलं होतं, महिना झाला. माझ्यात तो दोष नाही."

मी जे म्हणालो ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "मी हे आधीच सिद्ध केले होते. रक्त द्यायची गरज नव्हती."

"होती."

"का? तुझा बाप म्हणतो म्हणून?"

"बाबांचं निघालं म्हणून."

ती खाली बसली आणि तिने सांगितले. मोटरसायकल दीड वर्षापूर्वीच विकली. बॉयलरच्या शिड्यांवरून तुला काढून ऑफिसात टेबल दिले आहे. बोट आणि नाक तिने तुझ्या तपासणीत पाहिले, माझ्या नव्हे. दार बंद होते हे माझे स्मरण बरोबर होते. श्राद्धाच्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बायका उभ्या होत्या. कठडा नसलेला तो जिना त्यांच्यादेखत चढायचा, आणि वर मी बघणार. म्हणून तू पाय आत घेतलास.

"मला का सांगितले नाही?" मी विचारले.

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, नानांना कळलं तर ते स्वतःला बोल लावतील, आणि तोही पाच अवयवांत."

मंगलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डबा उघडून माझ्या हातावर वडी ठेवली, ती खाली पडली, त्यांनी दुसरी ठेवली आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली.

तू मला वाचवत होतास आणि मी तुला माझे हेतू पाठवत होतो. "तू धडधाकट आहेस" हे वाक्य तू कसे वाचले असशील, त्याचा विचार काल संध्याकाळपासून मला सोडत नाही. त्यानंतर तू लिहिलेस, माझ्याविषयी काही लिहू नका. आणि मी त्याचे उत्तर तुझ्याकडे दोन मजल्यांचा हिशेब मागून दिले.

बोल लावण्याविषयी. तुझा तर्क बरोबर आहे, मी लावणार आहे. पण पाच अवयवांत नाही, तेवढे अवयव आता माझ्या ताब्यात नाहीत. तुझ्या तोंडून हसू निघावे म्हणून हे लिहिले. निघाले की नाही ते शनिवारी कळेल.

शनिवारी सकाळी मी एकलहऱ्याला येतो आहे. योगिनी मला जिन्यावरून उतरवेल. रिक्षा तुझ्या दाराशी थांबवून ठेवणार आहे, कारण मला उतरायला वेळ लागतो. परत जायची घाई आहे असा अर्थ घेऊ नकोस. तू बाहेर येऊ नकोस, मी आत येईन. तुझे चालणे मला पाहू दे आणि माझे तू पाहा. मग तुझ्या क्वार्टरमध्ये राहायला येण्याविषयी पुन्हा बोलू. या वेळी मी थोडक्यात बोलेन. सूनबाईला, ललिताला सांग, दोघांचेही कप अर्धेच भर.

पहिल्या पत्रातील प्रतिज्ञा खरी ठरली. तिसरा हेतू असिद्ध होता. खऱ्या निष्कर्षाने असिद्ध हेतू सिद्ध होत नाही, हे मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो.

चूक: तू धडधाकट आहेस, असे मी ३ डिसेंबरच्या पत्रात लिहिले. ते मी पाहिलेले नव्हते. तू येत नव्हतास, एवढेच मी पाहिले होते, आणि त्यावरून तुझा राग अनुमानला.

सही,
पुरुषोत्तम विष्णू शौचे
(नाना)